काळवशीच्या पाण्यातला चौथा

काळवशी बेटावर बोटीत बसण्याआधी तोंड उघडावं लागतं. तिकीट नंतर, लाइफ जॅकेट नंतर, आधी आ. बोटवाली विनया आडकर कापसाची काडी घेऊन धक्क्यावर उभी राहते आणि एकेका पाहुण्याच्या गालाच्या आतून ती फिरवते. मुलं खिदळतात, मोठी माणसं उगाचच गंभीर होतात. मुकुल चारठाणकर मात्र खूश झाला. जालन्याच्या बियाणे तपासणी प्रयोगशाळेत तो वर्षानुवर्षं हेच करत आला होता. फक्त तिथे गाल नसत, कपाशीची आणि मक्याची कोवळी पानं असत.

“एक नंबर सायेब, दोन नंबर बाईसायेब, तीन नंबर ताई,” काड्या खोक्यात खोचत विनया म्हणाली. “झाली वळख. आता आमचो कुत्रो तुमका हुंगूचो नाय.”

कुत्रा म्हणजे बोटीच्या कडेला बसवलेलं, जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. कागदोपत्री त्याचं नाव ‘जलगंध’. पण ज्याने नाव ठेवलं तो दिल्लीत बसला होता आणि ज्यांना ते रोज चालवायचं होतं ते इथे, त्यामुळे नाव कुत्रा पडलं आणि तेच टिकलं.

त्याची करामत अशी. पाण्यातला प्रत्येक जीव सतत काही ना काही सांडत असतो. मासा खवले आणि बुळबुळीत थर सांडतो, कासव कातडीचे पापुद्रे सोडतं. डॉल्फिन तर या बाबतीत भलताच उधळ्या. त्याच्या कातडीचा वरचा थर दर काही तासांनी झडतो आणि नवा येतो. या प्रत्येक कणात त्या जीवाच्या डीएनएचे तुकडे असतात आणि ते पाण्यात तासन्‌तास, कधी दोन-चार दिवससुद्धा टिकतात. पूर्वी शास्त्रज्ञ बाटल्या भरभरून पाणी शहरात पाठवत आणि निकाल येईपर्यंत मासा कुठल्या कुठे गेलेला असे. आता यंत्र चालत्या बोटीतच पाणी ओढतं, तुकडे वाचतं, भरती-ओहोटी आणि प्रवाहाचं गणित मांडतं आणि सांगतं की मघाशी इथून पाच-सहा डॉल्फिन गेले, दक्षिणेला बघा. दिसेल त्या डॉल्फिनमागे इंजिनं गुरगुरत धावणाऱ्या बोटी त्यामुळे बंद झाल्या. डॉल्फिनना उसंत मिळाली आणि पाहुण्यांना डॉल्फिन.

अडचण एकाच प्राण्याची होती, ती म्हणजे माणसाची. घाम, केस, शिंका, थुंकी, सांडण्यात माणसाचा हात कुणी धरणार नाही. बोटीतली माणसं वजा केल्याशिवाय यंत्राला समुद्राचा वास येत नाही, म्हणून ती काडी. वजाबाकीनंतरही पाण्यात कुणी माणूस उरलाच, तर यंत्राने ‘अनोळखी माणूस, वगळला’ एवढंच म्हणायचं, जास्त अवाक्षर काढायचं नाही, असा कायदा आहे. कोण कुठल्या बेटावर कुणाबरोबर पोहलं हे जगाला कळू लागलं तर पर्यटनाचा धंदा बसेल, इतकं शहाणपण कायदा करणाऱ्यांकडे होतं.

मुकुलचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. बियाण्यांच्या जोड्या जुळवता जुळवता स्वतःची जोडी राहून गेली, असं प्रयोगशाळेतले लोक त्याला चिडवत. मग त्रेचाळिसाव्या वर्षी केतकी भेटली आणि तिच्याबरोबर तिची मुलगी रेवा, आता तेरा वर्षांची. रेवा त्याला मुकुलकाका म्हणत असे. त्याची यावर काही तक्रार नव्हती, निदान तो तसं सांगत असे.

केतकीचा पहिला नवरा निरंजन. दहा वर्षांपूर्वी, भर उन्हाळ्यात, कोल्हापूरच्या घरातून निपाणीला साइटवर जातो म्हणून निघाला आणि निपाणीला पोचलाच नाही. वाटेत एका ढाब्यामागे मोटारसायकल सापडली, हेल्मेट सापडलं, माणूस नाही. पोलीस झाले, पेपरातले फोटो झाले, ज्योतिषी झाले. सात वर्षांनी कोर्टाने त्याला मृत ठरवलं. शास्त्र बारा वर्षं थांबायला सांगतं, पण कोर्टाचा कागद बघून गुरुजींनी त्यातूनही वाट काढली. पळसाच्या पानांचा माणसाएवढा पुतळा केला, मंत्र म्हणून त्याला निरंजन ठरवलं आणि जाळला. अग्नी चुलतभावाने दिला. दहा वर्षांच्या रेवाला त्या दिवशी शेजाऱ्यांकडे पाठवलं होतं, पोरीच्या जातीने असलं बघू नये म्हणून. जाता जाता गुरुजींनी एक गोष्ट सांगून ठेवली. पुतळा जाळल्यावर माणूस जिवंत परत आलाच, तर तो नव्याने जन्मला असं मानायचं. त्याचं पुन्हा बारसं, पुन्हा मुंज आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न.

लग्न ठरताना केतकीने हे सगळं मुकुलला हसत सांगितलं होतं. तोही हसला होता.

आदल्या संध्याकाळी बेटावर उतरल्या उतरल्या रेवा शिंपल्या गोळा करायला म्हणून एकटीच उगवतीच्या खडकांकडे गेली आणि गुडघ्यापर्यंत भिजून, रिकाम्या हाताने परत आली.

“शिंपल्या कुठायत?” केतकीने विचारलं.

“नाही मिळाल्या.”

किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही इतक्या शिंपल्या पडल्या होत्या. पण तेरा वर्षांच्या मुलीची उलटतपासणी घेऊ नये, हे मुकुल दोन वर्षांत शिकला होता.

तर, बोट निघाली. वारा पडलेला, पाणी हिरवंगार. पडद्यावर नावं उमटू लागली, पाखट, बांगडा, ऑलिव्ह रिडले कासव. थोड्या वेळाने ते कासव खरोखरच वर आलं, एक सुस्कारा सोडून खाली गेलं. रेवा काठावर वाकून बघत होती. तिला डॉल्फिनचं वेड. त्यासाठीच ही सगळी यात्रा.

“इथलं पाणी कुठे जातं?” तिने विनयाला विचारलं.

“ओहोटीक भायर जाता, भरतीक फिरान परत येता. उगवतीच्या खडपांत सगळा येऊन अडाकता. चपला, बाटल्यो, सगळा.”

“सगळंच परत येतं?”

“जड आसात ता जाता तळाक.”

तेवढ्यात यंत्रावर पिवळा दिवा लागला. पडद्यावर अक्षरं आली. ‘क्रमांक तीनचा नमुना अर्धवट जुळतो. पुन्हा घ्यावा का?’

“काडी नीट फिराक नाय वाटता,” विनया म्हणाली. “ताई, परत आ कर बघया. आयसक्रीम खाल्लंस काय गो?”

दुसरी काडी झाली. पाच-दहा मिनिटं गेली. पुन्हा पिवळा दिवा, पुन्हा तेच वाक्य. विनयाने ‘नाही’ वर बोट टेकवलं आणि म्हणाली, “ह्येचा डोक्या फिरला. आज डॉल्फिनय दिसूचे नायत, काल गेले ते गेले. परवा येवा.”

केतकीने पाण्याची बाटली काढली, रेवा हिरमुसली. मुकुल मात्र जागच्या जागी थिजला होता.

अर्धवट जुळणं म्हणजे काय, हे त्या बोटीत त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, आणि यंत्राला तर मुळीच नाही. संकरित बियाण्याच्या डीएनएची वही उघडली, तर तिच्या प्रत्येक जोडपानात एक पान आईकडून येतं, एक बापाकडून. ‘हे बी याच झाडाचं का?’ असा प्रश्न आला की मुकुल दोन्ही ओळींतली पानं शेजारी ठेवतो. प्रत्येक जोडीत एक पान जुळलं, एकही जोडी न चुकता, की समजायचं जन्मदाता सापडला. भावंडांत असं होत नाही. काही जोड्या पूर्ण जुळतात, काही अजिबातच नाही. बोटीतलं यंत्र म्हणत होतं की तीन नंबरची काडी बिघडली. मुकुलला दिसत होतं की पाण्यात तीन नंबरचा जन्मदाता आहे. आई दोन नंबरवर होती आणि ती वजा झाली होती. राहिला बाप.

त्याने पडद्याचा फोटो काढला, विनया धक्क्याला दोर बांधत असताना यंत्राचे तपशील उघडून जोड्या तपासल्या. एकही चुकलेली नव्हती. तुकडे ताजे होते, फार तर एका दिवसाचे.

म्हणजे निरंजन इथे होता. या बेटावर. काल पोहला होता.

मुकुलने कुणालाही काही सांगितलं नाही. हे वाईट आहे, हे त्याला कळत होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर बारसं, मुंज आणि लग्न अशा तीन गोष्टी ओळीने येत होत्या, आणि तिसरीपाशी त्याचं डोकं चालेनासं होत होतं.

दुसरा दिवस त्याने बेटावरचे पंचेचाळिशीचे पुरुष बघण्यात घालवला. बेट एवढंसं. दीपगृहाचा रखवालदार साठीचा होता. खानावळीतला आचारी उंचीने कमी पडला. निरंजनला त्याने फक्त फोटोत पाहिलं होतं, तोही हार घातलेला, आणि हार घातलेली माणसं सगळी सारखीच दिसतात. उरला पाण्यात डुंबायला शिकवणारा माणूस, ज्याला सगळे मास्तर म्हणत. दाढी, बरोबर वय, पाच वर्षांपूर्वी कुठूनसा आलेला, आणि तोंड उघडलं की अस्सल कोल्हापूर.

“काय पावणं, पाण्यात उतरणार का?” मास्तरने विचारलं. “काय घाबरायचं नाय बघा. नाक विसरायचं, तोंडानं श्वास घ्यायचा. एवढंच.”

मुकुल उतरला. माणसाचा चेहरा जवळून बघायला मिळावा म्हणून जन्मात पहिल्यांदा त्याने डोळ्यांवर काच बांधली आणि तोंडात नळी धरली. चेहरा काही दिसला नाही, कारण मास्तरच्या तोंडावरही काच होती. पण खाली एका खडकावर पिवळी, निळी प्रवाळं पसरली होती. एक ऑक्टोपस दगडाचा रंग घेऊन बसला होता आणि ओळखला गेल्यावर रागाने लाल झाला. दुसऱ्या कुठल्या दिवशी मुकुलला यात फार आनंद झाला असता.

वर आल्यावर दोघांनी चहा घेतला.

“कोल्हापुरात कुठले तुम्ही?” मुकुलने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“इचलकरंजीचा. यंत्रमाग बंद पडलं, बायको गेली, म्हटलं आता पाण्यात जाऊ. लोकांस्नी वाटतं जीव द्यायला चाललाय.” मास्तर हसला. “तुम्हाला काय पाहिजे हो? मघापासनं माझ्याकडं बघताय.”

“काही नाही,” मुकुल म्हणाला, आणि मास्तर वळला तेव्हा त्याचा कागदी कप खिशात घातला.

धक्क्यावर विनयाची बोट रिकामी बांधलेली होती. मुकुल आत उतरला, कालचे तिघांचे नमुने यंत्रात अजून आहेत हे बघितलं, कपात समुद्राचं पाणी घेतलं, हलवलं आणि यंत्राच्या नळीपाशी ओतलं. प्रयोगशाळेत एखाद्या शिकाऊने असला नमुना घेतला असता तर त्याने त्याला घरी पाठवलं असतं. पडदा थोडा वेळ विचारात पडला. मग अक्षरं आली. ‘अनोळखी माणूस, वगळला.’

पिवळा दिवा लागला नाही. मास्तर तो नव्हता. मुकुलला इतकं हलकं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली.

“सायेब,” वरून विनयाचा आवाज आला. “चायचो कप कुत्र्याक कित्याक पाजतास?”

“धुवत होतो.”

“कागदी कप धुतास?” ती म्हणाली, आणि शहाण्या बाईसारखी दोर गुंडाळायला वळली.

संध्याकाळी रेवा खानावळीच्या मांजराशी खेळत असताना मुकुल केतकीशेजारी वाळूत जाऊन बसला.

“उद्याच निघू या का?” तो म्हणाला. “प्रयोगशाळेतून फोन आलाय. तातडीचं आहे.”

“तुझा फोन सकाळपासून माझ्या पिशवीत आहे, मुकुल.”

खोटं बोलण्याची सवय नसली की असं होतं. मग त्याने सगळं सांगितलं. पिवळा दिवा, जोड्या, मास्तर, कप. केतकी समुद्राकडे बघत ऐकत होती. मधे एकदा तिने वाळू मुठीत घेतली आणि सोडून दिली.

“निरंजनला पाण्याची भीती होती,” शेवटी ती म्हणाली. “रंकाळ्यावर सगळे पाण्यात पाय सोडून बसायचे, हा मांडी घालून. तो समुद्रात कशाला शिरेल?”

“दहा वर्षांत माणूस बदलतो.”

“बदलत असेल. जिवंत असेल तर मला त्याचा राग येईल. मेला असेल तर रडू येईल. दहा वर्षं मी दोन्ही आलटून पालटून करतेय, आणि मी दमलेय. तू मला लगेच का नाही सांगितलंस?”

“भीती वाटली.”

“कशाची?”

“तू जाशील याची,” मुकुल म्हणाला. “तुम्ही दोघी.”

केतकीने त्याच्याकडे बघितलं. ती रागावली होती, आणि तो राग पूर्णपणे रास्त होता. पण तिने हात त्याच्या हातावर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

“उद्या जायचं बोटीतून,” ती म्हणाली. “तो असेल तर दिसू दे. नसेल तर तेही दिसू दे. मला परत पानं जाळायची नाहीयेत. रेवाला आत्ता काही बोलू नकोस.”

सकाळी पुन्हा काड्या झाल्या. विनयाने यावेळी रेवाची काडी जरा जास्तच फिरवली. बोट बेटाला वळसा घालून बाहेर पडते न पडते तोच पडद्यावर डॉल्फिन आले. सहाजण, त्यांत एक पिल्लू, थोड्याच वेळापूर्वी, मावळतीकडे. रेवाने टाळी वाजवली. आणि लगोलग पिवळा दिवा लागला, परवापेक्षा ठळक. तीन नंबर, अर्धवट. बाण उगवतीच्या खडकांकडे.

“खंय जावया?” विनयाने विचारलं. “डॉल्फिन मावळतीक, तुमचा ह्या उगवतीक. दोन्ही एका येळाक मिळूचा नाय.”

मुकुलने केतकीकडे पाहिलं. तिने मान हलवली.

“उगवतीकडे घ्या,” तो म्हणाला.

“काका! डॉल्फिन तिकडे आहेत!” रेवा उसळली. “आपण डॉल्फिनसाठी आलोय ना? तिकडे काय आहे?”

“पाण्यात तुझ्याशी अर्धं जुळणारं काहीतरी आहे,” मुकुलने जपून सांगितलं. “ते काय आहे ते बघायचंय.”

रेवाचा चेहरा उतरला. ती लाइफ जॅकेटचा पट्टा हातात गुंडाळत खाली बघत बसली. मुकुलला वाटलं, पोरगी डॉल्फिनसाठी रुसली.

खडक जवळ येत गेले तशी पडद्यावरची रेघ चढत गेली. मुकुल डोळे फाडफाडून बघत होता. आता कुठल्याही क्षणी एक माणूस दिसणार होता, गळ टाकून बसलेला, किंवा पोहणारा, किंवा नुसताच उभा. तो दिसल्यावर आपण काय म्हणायचं, याची त्याने रात्रभर तयारी केली होती. त्यातलं एकही वाक्य त्याला आठवेना. खडकांवर एक पाणकावळा पंख वाळवत उभा होता. खेकडे होते. माणूस नव्हता.

विनयाने इंजिन बंद केलं. रेघ आता पडद्याच्या माथ्याला टेकली होती. दोन खडकांच्या फटीत पाणी वरखाली होत होतं आणि त्यात एक प्लास्टिकची बाटली, एक चप्पल आणि एक तपकिरी काहीतरी अडकून हलत होतं. विनयाने बांबूने ते ओढून घेतलं.

ती लोकरीची कानटोपी होती. एका टोकाला सुतळी, सुतळीच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही.

“दगड सुटला,” रेवा म्हणाली. आणि मग रडू लागली. “मी नीट बांधला होता. मला वाटलं, नीट बांधलाय.”

केतकीने टोपी हातात घेतली. ती तिने ओळखली. थंडीत हेल्मेटच्या आत निरंजन तीच घालायचा. पुतळा जाळल्यावर त्याचे कपडे देऊन टाकले तेव्हा ती कुठे गेली, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

“माझ्याकडे होती,” रेवा हुंदके देत म्हणाली. “बंद पिशवीत. कधीच धुतली नव्हती. तुम्ही मला त्या दिवशी शेजारी पाठवलंत, पण मी गच्चीवरून बघितलं. त्या पुतळ्यात बाबांचं काहीच नव्हतं, आई. नुसती पानं होती. म्हणून मी ही आणली. खरंखुरं काहीतरी त्यांचं असायला नको?”

मुकुलला हसावं की काय करावं कळेना. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात पंधरा-पंधरा वर्षांची पाकिटं होती. कोरडं ठेवलेलं बी तो केव्हाही उघडतो आणि आईबापासकट वाचतो. टोपीतले तुकडे ताजे नव्हते, फक्त पाण्यात नुकतेच पडले होते. अख्खा दिवस तो बेटभर जिवंत माणूस हुडकत फिरला, आणि लोकरीत अडकलेले चार केस नि कोंडा त्याच्या डोक्यात आला नाही. भीती वाटायला लागली की माणसाचं शिक्षण पहिलं पळतं.

केतकीने टोपी नाकाशी नेली. तिला समुद्राचाच वास आला, दुसरा कुठलाही नाही. मग ती रडली, मोकळेपणाने, पोरीला जवळ ओढून. त्या रडण्यात राग नव्हता. मुकुल बाजूला बसून राहिला, कारण तिथे त्याची जागा नव्हती, आणि हे त्याला पहिल्यांदाच खुपलं नाही.

“समुद्राक दिलेला परत घेवचा नाय,” बऱ्याच वेळाने विनया हळू आवाजात म्हणाली. “घरी नेव नकात. ताई, तुका परत सोडूची आसा?”

रेवाने मान डोलावली.

विनयाने फळीखाली हात घालून जाळ्याचं एक जुनं शिसं काढलं, चांगलं मूठभर. रेवाने ते घेतलं, सुतळी घेतली आणि दोन्ही हातांत घेऊन तशीच उभी राहिली. मग ती मुकुलपुढे आली.

“काका, तुम्ही बांधता? माझी गाठ सुटते.”

मुकुलने टोपी घेतली. ओली लोकर जड झाली होती. ज्या माणसाच्या भीतीने त्याला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं, त्याचं डोकं कधी काळी हिच्यात होतं. मुकुलने शिसं टोपीच्या आत घातलं, तोंड दुमडलं आणि बियाण्याच्या पोत्याला मारतात ती गाठ मारली. ती ओढली की सुटत नाही, आवळते. त्याने ती दोनदा ओढून पाहिली.

“सुटणार नाही ना?”

“नाही,” तो म्हणाला. “ही नाही सुटत.”

विनयाने बोट खडकांपासून दूर, निळ्या पाण्यात नेली आणि इंजिन बंद केलं. मंत्र कुणालाच येत नव्हते. रेवाने काठावरून हात खाली नेला, पाण्याला टेकवला आणि सोडलं. टोपी तिरकी होत, हिरव्यातून काळ्यात जात दिसेनाशी झाली.

“ते कुठे असतील तर असू देत,” रेवा म्हणाली. “पण आता आपल्याकडून झालं.”

केतकीने तिचे केस नीट केले. इंजिन बंदच होतं. बोट नुसती हलत होती.

आणि तेवढ्यात, कुठलाही दिवा न लागता, बोटीपासून दोन हातांवर फुस्स करून श्वास सुटला. एक करडी पाठ वर आली, वळली, आत गेली. मग दुसरी. मग तिसरीच्या पोटाशी चिकटून एक लहानगी. मावळतीकडे गेलेले डॉल्फिन बेटाला वळसा घालून स्वतःच इकडे आले होते. कुत्र्याला त्यांचा पत्ता नव्हता, तो अजून टोपीच हुंगत होता. रेवा काठाला धरून, गाल अजून ओले, मोठमोठ्याने मोजत होती आणि सारखी चुकत होती. पिल्लू दर वेळी आईच्या एका अंगाला बुडायचं आणि दुसऱ्या अंगाला निघायचं.

“काका, ते बघा! काका, इकडे!”

मुकुल बघत होता.

पाठीमागे यंत्राने बारीक आवाज केला. विनया वाकून पडदा वाचू लागली. आधी नेहमीची वजाबाकी झाली. दोन नंबर, तीन नंबर आणि गाठ मारणाऱ्या हातांचा एक नंबर, सगळे त्या पाण्यात होते आणि सगळे पुसले गेले. मग पिवळा दिवा लागला आणि तेच जुनं वाक्य उमटलं. क्रमांक तीनचा नमुना अर्धवट जुळतो.

“पुन्हा घेवया काय, सायेब?” तिने विचारलं.

“नको,” मुकुल म्हणाला. “नमुना बरोबर आहे.”